पत्ता नेमका कोणाचा?

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला सांगितलं, "तू कंपनीत नेमकं काय करतेस ते पंधरा मिनिटांत सांग, पण आम्हाला कळेल असं." हे अवघड आहे, कारण माझ्या आईलाही ते अजून नीट सांगता आलेलं नाही. "ती कॉम्प्युटरवर असते," एवढंच ती शेजारी सांगते. पण समोर बँकेतली मंडळी आहेत, दवाखाना चालवणारे आहेत, शिक्षक आहेत, काही जण पतसंस्थेच्या आणि दूध संस्थेच्या संचालक मंडळावर आहेत. तुमच्याकडे सॉफ्टवेअर विकायला माणसं येत असतातच. तेव्हा माझ्या कामातली अशी एक गोष्ट सांगते, जी तुम्हाला त्या बैठकीत उपयोगी पडेल. तिचं नाव सर्व्हिस ओरिएंटेड आर्किटेक्चर. आम्ही थोडक्यात एसओए म्हणतो. मराठीत सेवांवर आधारलेली रचना म्हणता येईल.

इंजिनिअरिंगची पदवी घेतल्यापासून मी मोठ्या कंपन्यांच्या आतल्या कारभाराचं सॉफ्टवेअर करत आले आहे. अशाच एका विमा कंपनीतला प्रसंग सांगते. तिथे पॉलिसीची नोंद एका प्रणालीत होती, हप्ते दुसऱ्या, दावे तिसऱ्या, एजंटचं कमिशन चौथ्या आणि कॉल सेंटर पाचव्या प्रणालीत. प्रत्येक प्रणाली वेगळ्या वर्षी, वेगळ्या लोकांनी बांधलेली. प्रत्येकीत ग्राहकाचा पत्ता होता, म्हणजे एका माणसाचे पाच पत्ते.

एका बाईंचे यजमान वारले. त्या माहेरी दुसऱ्या जिल्ह्यात राहायला गेल्या. शाखेत जाऊन त्यांनी नवा पत्ता रीतसर लिहून दिला आणि शाखेने तो पॉलिसीच्या प्रणालीत नोंदवलाही. पण दाव्यांच्या प्रणालीत जुनाच पत्ता होता. एका कागदाची मागणी करणारं पत्र जुन्या घरी गेलं, बंद दारावरून परत आलं आणि फाइलवर "कागदपत्रांची प्रतीक्षा" असा शेरा पडला. तो शेरा चार महिने तसाच राहिला. कॉल सेंटरला फोन केला की तिथला मुलगा म्हणायचा, "मॅडम, पत्र पाठवलंय." तो खोटं बोलत नव्हता. प्रत्येक विभागाचं आपल्यापुरतं बरोबर होतं. बाईंना पैसे मात्र मिळाले नव्हते.

यावर पहिला उपाय सगळ्यांना सुचतो तोच सुचला: प्रणाली एकमेकींना जोडा. इथे गणिताच्या सरांची आठवण होते. दहा माणसांनी प्रत्येकाशी एकदा हस्तांदोलन केलं तर एकूण हस्तांदोलनं किती? पंचेचाळीस. वीस माणसं असतील तर एकशे नव्वद. माणसं दुप्पट झाली आणि हस्तांदोलनं चौपटीहून जास्त. प्रणालींचंही तसंच होतं. एकीतला रकाना बदलला की कुठे काय मोडेल हे कोणालाच सांगता येत नाही. मग बदलायची भीती वाटते आणि जुनं तसंच चालू राहतं.

दुसरा उपाय आपल्या शाळेच्या ऑफिसात आधीपासून आहे. शाळा सोडल्याचा दाखला आठवा. आपण अर्ज द्यायचो आणि ठरलेल्या नमुन्यातला दाखला मिळायचा. आत जाऊन जनरल रजिस्टर उघडायची कोणाची हिंमत नव्हती. ते रजिस्टर कोणत्या कपाटात आहे, क्लार्क कोण आहेत, ते हाताने लिहितात की टाइप करतात, याच्याशी आपल्याला कर्तव्य नव्हतं. पुढच्या कॉलेजालाही नव्हतं, त्यांना नमुना ओळखीचा होता तेवढं पुरे. आणि दाखला देणाऱ्याशिवाय दुसऱ्या कोणी त्यातल्या नोंदीत बदल करायचा नाही, हेही ठरलेलं. जन्मतारीख चुकली असेल तर कॉलेजात खाडाखोड करून चालत नाही, मूळ शाळेतच यावं लागतं.

एसओएचा गाभा एवढाच आहे. प्रत्येक माहितीला एक धनी असावा. बाकीच्यांनी खिडकीवर मागावं, ठरलेल्या नमुन्यात मागावं, आणि आत डोकावू नये. त्या खिडकीला आम्ही सर्व्हिस म्हणतो आणि नमुन्याला कॉन्ट्रॅक्ट. खिडकीच्या आतलं सगळं बदललं तरी चालतं, नमुना मोडता कामा नये.

हा शब्द १९९६ मध्ये गार्टनर या संस्थेच्या रॉय शुल्ट आणि येफिम नाटिस यांनी मांडला. पुढे सोप, डब्ल्यूएसडीएल असे नियम आले आणि एका कंपनीचा संगणक दुसऱ्या कंपनीच्या संगणकाशी ठरलेल्या भाषेत बोलू लागला. स्टीव्ह येगी नावाचे इंजिनिअर ॲमेझॉनमध्ये होते. त्यांनी २०११ मध्ये लिहिलं की, तिथे २००२ च्या सुमारास वरून हुकूम निघाला होता: प्रत्येक गटाने आपली माहिती सर्व्हिसमधूनच द्यायची, दुसऱ्याच्या डेटाबेसमध्ये थेट हात घालायचा नाही, आणि जो ऐकणार नाही त्याने घरी जायचं.

आमच्या विमा कंपनीत एवढा कडक हुकूम नव्हता. तिथे मुख्य प्रश्न तांत्रिक नव्हताच. तो होता: पत्ता नेमका कोणाचा? पॉलिसी विभाग म्हणे आमचा. कॉल सेंटर म्हणे, लोक बदल आम्हाला कळवतात, म्हणून आमचा. दावे विभाग म्हणे, पत्ता कोणाचाही असू दे, पण आमची प्रत आम्ही सोडणार नाही, उद्या तुमची प्रणाली बंद पडली तर? त्यांची शंका रास्त होती. महिनोन् महिने बैठका झाल्या. मेल्विन कॉनवे यांनी १९६८ मध्येच लिहून ठेवलंय की, संस्थेतली माणसं एकमेकांशी जशी बोलतात तशाच आकाराच्या प्रणाली ती संस्था बांधते. जे विभाग एकमेकांशी बोलत नव्हते, त्यांच्या प्रणालीही बोलत नव्हत्या.

शेवटी ठरलं की ग्राहकाच्या नोंदीची एकच सर्व्हिस असेल आणि तिची जबाबदारी पॉलिसी विभागाकडे राहील. एका रात्रीत काहीही बदललं नाही. आधी सगळ्यांनी पत्ता तिथून फक्त वाचायचा. जुन्या प्रती शेजारी चालू ठेवल्या. रोज रात्री ताळा घ्यायचा आणि न जुळणाऱ्या नोंदी सकाळी यादीत यायच्या. ती यादी सोडवायला निवृत्तीला आलेल्या एक ज्येष्ठ कर्मचारी होत्या. कुठली नोंद खरी, हे त्यांना कळायचं. एवढे इंजिनिअर असून आम्हाला ते कळत नव्हतं. ताळा जुळू लागल्यावरच एकेक जुनी प्रत बंद केली. त्या बाईंचा दावा त्याआधीच, शाखेतल्या एकाने स्वतः फाइल हातात घेऊन, मार्गी लावला होता. त्यांच्यासारख्या पुढच्या बाईला अशा माणसाची वाट पाहावी लागू नये, यासाठी ही खटपट होती.

आता दुसरी बाजू. ती विकणारे सांगत नाहीत. अनेक कंपन्यांनी सेवा म्हणजे विकत घ्यायचं यंत्र असं समजून, सगळ्या प्रणालींच्या मध्ये बसणारं महागडं सॉफ्टवेअर घेतलं, पण जबाबदाऱ्या वाटून घेतल्या नाहीत. जानेवारी २००९ मध्ये ॲन थॉमस मेन्स या विश्लेषक बाईंनी जाहीरच केलं की एसओए मेलं, सेवा मात्र हव्याच आहेत. २०१४ पासून मायक्रोसर्व्हिसेस या नावाने याच विचाराची पुढची आवृत्ती गाजते आहे.

तुकडे वाढले की धोकाही वाढतो. एक सर्व्हिस ९९.९ टक्के वेळ चालू असते असं धरा. म्हणजे वर्षात पावणेनऊ तास बंद. एका कामासाठी अशा दहा सर्व्हिस एकामागोमाग लागत असतील आणि त्या वेगवेगळ्या वेळी बंद पडत असतील, तर ०.९९९ चा दहावा घात करा. उत्तर सुमारे ९९ टक्के येतं. म्हणजे वर्षात जवळजवळ साडेतीन दिवस काम अडणार.

शिवाय उत्तर आलंच नाही तर काय करायचं? हा अनुभव तुम्हा सगळ्यांना आहे. एप्रिल २०१६ मध्ये सुरू झालेली यूपीआय ही या विचाराची देशव्यापी आवृत्तीच म्हणा ना. तुमचं ॲप एका कंपनीचं, खातं दुसऱ्या बँकेत, भाजीवाल्याचं तिसऱ्या बँकेत आणि मध्ये एनपीसीआय. कोणीही दुसऱ्याची खातेवही उघडत नाही, फक्त ठरलेल्या नमुन्यात निरोप देतात. पण कधी कधी "पेंडिंग" दिसतं आणि आपला जीव खालीवर होतो. पैसे गेले का? पुन्हा पाठवले तर दोनदा जातील का? म्हणून नीट बांधलेल्या प्रणालीत प्रत्येक विनंतीला स्वतःचा क्रमांक असतो. तोच क्रमांक पुन्हा आला तर काम पुन्हा करायचं नाही, आधीचं उत्तर द्यायचं. शाळा दाखल्याची दुय्यम प्रत देते, पण म्हणून विद्यार्थ्याचं नाव रजिस्टरातून दोनदा कमी होत नाही, तसंच.

तर आता तुमच्या कामाचं. तुमची पतसंस्था दोन-चार शाखांची असेल आणि एकच सॉफ्टवेअर नीट चालत असेल, तर केवळ फॅशन म्हणून त्याचे वीस तुकडे करून घेऊ नका. तुकडे सांभाळायला माणसं लागतात, आणि त्यांचा पगार दर महिन्याला द्यावा लागतो. पण तुमच्याकडे चार प्रणाली झाल्या असतील, आणि सभासदाचा मोबाइल नंबर चारही ठिकाणी वेगळा असेल, तर हा विचार जरूर करा. आणि विकायला येणाऱ्याला तीन प्रश्न विचारा. एक, प्रत्येक माहितीचा धनी कोण, आणि ती दुरुस्त करायची कुठे? दोन, एक भाग बंद पडला तर काउंटरवरच्या सभासदाला काय सांगायचं? तीन, उद्या तुमच्याशी आमचं पटलं नाही, तर आमची माहिती ठरलेल्या नमुन्यात आम्हाला परत कशी मिळेल? उत्तरात नुसतीच मोठमोठी नावं ऐकू आली तर चहा पाजून निरोप द्या. आणि पहिला प्रश्न त्याच्याआधी आपल्याच संचालक मंडळाला विचारा, कारण त्याचं उत्तर कोणतंही सॉफ्टवेअर देत नाही.

सरांनी हस्तांदोलनाचं गणित फळ्यावर सोडवलं तेव्हा ते पोटापाण्याला उपयोगी पडेल असं वाटलं नव्हतं. ते पडलं, त्याबद्दल आज त्यांच्यासमोर उभं राहून आभार मानते. जेवणाच्या वेळी कोणाला आपल्या संस्थेचं सॉफ्टवेअर दाखवायचं असेल तर माझ्या टेबलावर या. सल्ल्याची फी नाही, फक्त जिलेबी माझ्या ताटात वाढा.