पुतळे कोणाचे, शहर कोणाचे?

(हैदराबाद येथील मराठी भाषिकांपुढे केलेले भाषण)



1 नोव्हेंबर 1956 रोजी हैदराबाद राज्याचे तीन तुकडे झाले. मराठवाडा मुंबई राज्यात गेला आणि तुम्ही या शहरात अल्पसंख्य झालात. त्याच दिवशी बेळगाव-कारवार मुंबई राज्यातून आणि बिदर-भालकी याच हैदराबाद राज्यातून उचलून म्हैसूरच्या पदरात टाकले गेले व आम्ही तेथे अल्पसंख्य झालो. तुमच्या-आमच्या व्यथेची तारीख एकच आहे.

शहराच्या चौकांत व रस्त्यांवर कोणाच्या प्रतिमा असाव्यात, हा आजचा विषय. तो कलेचा दिसतो. पण मुळात तो हक्काचा आहे. मूर्ती कशी घडवावी, हे शिल्पकाराने ठरवावे. ती कोणाची असावी, हे मात्र शहराने ठरविले पाहिजे.

याचा धडा तुमच्या दारातच आहे. 1980 च्या दशकात मुख्यमंत्री एन. टी. रामाराव यांनी हुसेनसागराच्या टँकबंडवर थोर पुरुषांचे व स्त्रियांचे 33 पुतळे उभारले. निवड कोती होती, असे म्हणणे अन्यायाचे होईल. तेथे उर्दू कवी मखदूम मोहिउद्दीन आहेत, गोवळकोंड्याचा तानाशहा आहे. 1953 साली म्हैसूरकडे गेलेल्या बल्लारीचे नट राघव आहेत. गोदावरीवर धवळेश्वरमचे धरण बांधणारे इंग्रज अभियंते आर्थर कॉटनही आहेत. परंतु कॉटनच्या पाण्याने भिजला तो किनाऱ्याचा मुलूख! कोरड्या तेलंगणातील शेतकऱ्याला त्या पुतळ्यात आपले काय दिसावे? आपली माणसे थोडी, आणि आपल्याला विचारले तर कोणीच नाही, हे शल्य त्याच्या मनात सलत राहिले.

10 मार्च 2011 रोजी त्या शल्याचा स्फोट झाला. स्वतंत्र तेलंगणासाठी जमलेल्या समुदायातील काहींनी पंधराहून अधिक पुतळे फोडले, काही तलावात लोटले. कष्टकऱ्यांसाठी लेखणी झिजविणाऱ्या श्री श्रींची मूर्तीही त्यांतून सुटली नाही. गाऱ्हाणे खरे होते. घाव मात्र निरपराध कवीवर पडला.

स्वतःचे राज्य मिळाल्याने तरी हा प्रश्न सुटला काय? 9 डिसेंबर 2024 रोजी येथील सचिवालयात तेलंगणमातेचा नवा पुतळा उभा राहिला, तेव्हा पूर्वीच्या रूपातील मुकुट आणि हातातील बतुकम्मा का काढली, यावरून तेलंगणवासीयांतच वाद पेटला. सत्ता बदलते आणि मूर्तीचे रूपही बदलते. न विचारण्याची खोड तेवढी कायम राहते.

आता आमच्याकडे वळू. डिसेंबर 2021 मध्ये बेंगळुरात शिवछत्रपतींच्या पुतळ्याची विटंबना झाली, तेव्हा सीमाभागातील प्रत्येक मराठी काळीज तुटले. त्याच दिवसांत बेळगावात संगोळ्ळी रायण्णांचा पुतळा फोडला गेला. तो कोणीही फोडला असो, आम्हाला त्याची लाज वाटते. रायण्णांना इंग्रजांनी 1831 साली फाशी दिली ती खानापूर तालुक्यातील नंदगडला. ज्या तालुक्यावर आम्ही हक्क सांगतो, त्याच्या मातीतला हुतात्मा आम्हाला परका कसा? भूमीवर हक्क सांगणाऱ्याने तिच्या स्मृतींचेही उत्तरदायित्व घेतले पाहिजे. उद्या आमचा न्याय्य दावा मान्य झाला आणि आम्हीही कानडी बांधवांना न विचारता चौक सजविले, तर आजवरच्या आमच्या आक्रोशाला अर्थ काय उरला?

म्हणून आमचे सांगणे एवढेच : शहराचे विषय ठरविणाऱ्या समितीत प्रत्येक भाषेचा माणूस हवा, आणि पाया घालण्यापूर्वी यादी लोकांपुढे यायला हवी. तुम्हीही केवळ मराठी नाव म्हणून नाव पुढे करू नका. स्वामी रामानंद तीर्थांचे नाव सुचवा. जन्म विजापूर जिल्ह्यातील सिंदगीचा, कर्मभूमी मराठवाडा, लढा साऱ्या संस्थानासाठी आणि समाधी येथे बेगमपेठेत! मराठी, कानडी व तेलुगू, तिघांनाही ज्याला आपला म्हणता येईल, असा पुरुष या शहरापाशी आहे.

जो पुतळा उभारताना शेजाऱ्याला विचारले, त्याच्या रक्षणाला शेजारीही उभा राहतो.

जय महाराष्ट्र!