खांद्यावरची घागर



अध्यक्षीय भाषणात आधी आभार, मग आपली पात्रता नसल्याची कबुली आणि त्यानंतर तासभर ती पात्रता सिद्ध करण्याचा खटाटोप, अशी आपल्याकडची रीत आहे. आभार मनापासून मानते. बाकीच्या दोन गोष्टी वगळते, म्हणजे जेवणाची वेळ टळणार नाही.

माझ्या आजोळच्या वाड्यात पाणी भरायला एक बाई यायची. आड मागच्या अंगणात होता आणि स्वयंपाकघर पुढच्या चौकाच्या कडेला. पहाटे रहाटाचा आवाज सुरू झाला की आम्ही मुलं कूस बदलायचो. तिची चुंबळ मला अजून दिसते. जुन्या लुगड्याची, निळसर, मधोमध दबून चपटी झालेली. काम संपलं की ती चुंबळ पिळून आडाच्या कठड्यावर वाळत टाकायची. तिचं नाव मात्र मला आठवत नाही. ती दासी नव्हती, महिन्याचे पैसे घेत होती, वाटलं असतं तर काम सोडूही शकली असती. तरी चाळीस वर्षं प्राचीन भारतातल्या दासांविषयी वाचताना आणि शिकवताना तीच बाई माझ्या डोळ्यांपुढे येत राहिली. त्याचं कारण सांगण्यासाठीच मी आज उभी आहे.

सुरुवात मेगास्थेनीसपासून करू. सेल्युकसचा हा वकील चंद्रगुप्त मौर्याच्या दरबारात राहिला. त्याचा मूळ ग्रंथ हरवला, पण एरियन आणि स्ट्रॅबो यांनी त्यातला मजकूर आपापल्या ग्रंथांत घेतला आहे. त्यात तो म्हणतो, की भारतीय सगळे स्वतंत्र आहेत, त्यांच्यात कोणीही दास नाही. स्पार्टाचे लोक निदान हेलटांना राबवतात, भारतीय तर परक्यालाही दास करत नाहीत. आमच्या देशाभिमानी लेखकांनी हे वाक्य शंभर वर्षं दागिन्यासारखं मिरवलं.

आता याच चंद्रगुप्ताचा नातू काय म्हणतो ते बघा. अशोकाच्या नवव्या शिलालेखात खरं मंगल कोणतं ते सांगितलं आहे. त्यात पहिली गोष्ट येते ती दास आणि भृतक, म्हणजे मजुरीवरचे नोकर, यांच्याशी नीट वागण्याची. या लेखाचा एक तुकडा आपल्या सोपाऱ्याला सापडला आहे. मेगास्थेनीस आणि हा लेख यांच्यात अर्धशतकाहून फारसं अधिक अंतर नाही. तेवढ्या काळात दास आकाशातून पडले नाहीत. मग मेगास्थेनीस खोटं बोलला का? मला तसं वाटत नाही. त्याच्या डोळ्यांना दास ओळखायची सवय होती ती अथेन्सजवळच्या लॉरियमच्या चांदीच्या खाणीत, बेड्या घालून राबणाऱ्या माणसांच्या टोळ्यांत. इथे त्याला तशा टोळ्या दिसल्या नाहीत. दिसली ती पाणी आणणारी, भात कांडणारी, पाय चेपणारी घरातली माणसं. ती त्याला घरचीच वाटली. साखळी शोधत आलेल्या पाहुण्याला घागर दिसली नाही.

पाहुण्याचं सोडा, आपल्याला तरी कुठे दिसली? म्हैसूरच्या शामशास्त्रींनी १९०९ मध्ये कौटिल्याचं अर्थशास्त्र छापलं आणि दासांवरचं एक अख्खं प्रकरण समोर आलं. पुढे मुंबई विद्यापीठासाठी र. पं. कंगले यांनी त्याची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. ती हाताशी असताना आपल्याला सबब उरत नाही. ग्रंथाच्या काळाविषयी वाद आहे. बरेच अभ्यासक आज त्याचा मोठा भाग इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांत आणतात, आणि मला ते पटतं. पण मजकूर पाहा. अज्ञान वयाच्या आर्य मुलाला त्याच्याच नातलगाने विकलं किंवा गहाण टाकलं तर पण या नाण्यात दंड आहे: मुलगा शूद्र असेल तर १२ पण, वैश्य असेल तर २४, क्षत्रिय असेल तर ३६, ब्राह्मण असेल तर ४८. इथे शूद्रही आर्यांत धरला आहे, हे आमच्या विद्यार्थ्यांनी अधोरेखित करावं. पण जन्मापासूनच जो दास आहे, तो या संरक्षणातून पहिल्याच शब्दात वगळला आहे. म्लेंच्छाने आपलं पोर विकलं तर त्यात दोष नाही. म्हणजे दरपत्रक आहे, आणि दरपत्रकाच्या बाहेर ठेवलेली माणसंही आहेत.

पुढे जी कलमं येतात त्यांचं आपल्याकडे फार कौतुक होतं. गहाण पडलेल्या माणसाला प्रेत, विष्ठा, मूत्र, उष्टं उचलायला लावलं तर धन्याचे पैसे बुडाले. स्नान करणाऱ्या नग्न पुरुषाच्या सेवेला गहाण पडलेल्या बाईला उभं केलं तरी बुडाले. आठ वर्षांखालच्या, नातलग नसलेल्या मुलाला हलक्या कामाला लावलं किंवा परदेशी विकलं तर शिक्षा. गर्भार दासीला तिच्या बाळंतपणाची सोय न करता विकलं तर शिक्षा. धन्यापासून दासीला मूल झालं तर आई आणि मूल दोघंही मोकळी. हे वाचून अनेक विद्वानांनी आपली दासप्रथा किती सौम्य होती यावर पानंच्या पानं लिहिली. मी तीच कलमं उलटी धरून वाचते. कोणी करतच नाही अशा गोष्टीची मनाई करायला शास्त्रकार शाई खर्च करत नाही. गर्भार दासी बाजारात उभी राहत होती, म्हणून तिच्या बाळंतपणाचं कलम आलं.

तुलना करायचीच असेल तर रोमशीही करू. इसवी सन ६१ मध्ये पेडानियस सेकंडस या रोमच्या नगरप्रमुखाला त्याच्या एका दासाने मारलं. त्या घरात ४०० दास होते. कायदा असा, की एकाच छपराखाली होते म्हणून सगळेच दोषी. शहरातले सामान्य लोक या शिक्षेविरुद्ध रस्त्यावर उतरले. नीरोने दोन्ही बाजूंना सैनिक उभे करून चारशेच्या चारशे माणसं, बायका-पोरांसकट, वधस्तंभाकडे नेली. असं आपल्याकडे घडल्याची नोंद नाही, हे खरं. पण शेजाऱ्याच्या घरात खून झाला म्हणून आपल्या घरातली मारहाण माफ होत नाही. रोमचा उपयोग आपण फार दिवस तेवढ्यासाठीच केला आहे.

घरातली मारहाण म्हटली की मला धनपाली आठवते. जातककथांमध्ये पापक नावाचा एक विद्यार्थी आहे. तो तक्षशिलेला शिकतो. आपलं नाव अशुभ आहे असं वाटून तो बरं नाव शोधायला निघतो. वाटेत एका घराच्या दारात तो थबकतो. एका दासीला तिचे धनी उंबऱ्यात पाडून दोराने मारत आहेत. का, तर बाहेर कामाला पाठवलं होतं आणि दिवसाची मजुरी घेऊन आली नाही. पापक नाव विचारतो. उत्तर मिळतं, धनपाली. नावाने धन राखणारी, आणि हाताशी एका दिवसाची मजुरी नाही! अशाच भेटींतून पापकाला बोध होतो आणि अखेर तो आपलं नाव बदलायचा नाद सोडतो. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा, हीच आपली म्हण तिथे गोष्ट होऊन आली आहे. गोष्ट चतुर आहे. पापक पुढच्या गावी गेला, गोष्ट त्याच्याबरोबर गेली, आणि दोर खाली ठेवला की नाही ते सांगायला कोणी थांबलं नाही. तरी त्या कथाकाराचे माझ्यावर उपकार आहेत. दासी भाड्याने दिली जाते, मजुरी धन्याची असते, ती आली नाही तर दारातच हिशेब होतो, हे त्याने विनोदाच्या ओघात सांगून टाकलं. सांगायला बसला असता तर कदाचित लपवलं असतं.

पाण्याकडे परत येते. बौद्ध भिक्षुणींच्या थेरीगाथेत पुण्णिका बोलते. बुद्धाचा धनिक उपासक अनाथपिंडिक याच्या घरची ही पाणी भरणारी दासी. कडाक्याच्या थंडीतही मी नदीत उतरायचे, मालकिणींच्या काठीच्या आणि बोलण्याच्या धाकाने, असं ती स्वतःच सांगते. त्याच नदीत एक ब्राह्मण कुडकुडत स्नान करतो आहे. ती त्याला विचारते, मी भीतीने पाण्यात उतरते, तुला कोणाची भीती? पाप धुतो आहे, म्हणतो. मग बेडूक, कासवं आणि सुसरी सगळ्या स्वर्गातच जाणार की, असं ती ऐकवते. प्राचीन वाङ्मयात दासीच्या तोंडून आलेलं इतकं खणखणीत बोलणं मला दुसरं माहीत नाही. त्यातला युक्तिवाद गाजला. मला जास्त मोलाची वाटते ती त्याआधीची थंडी. ती तत्त्वज्ञानातून येत नाही, ओल्या पायांतून येते.

परंपरा सांगते, की अनाथपिंडिकाने तिला मुक्त केलं आणि मग ती संघात गेली. हा क्रम लक्षात घ्या. दासाला प्रव्रज्या देऊ नये असा विनयाचा, म्हणजे संघाच्या शिस्तीचा, स्पष्ट नियम आहे. दीक्षेच्या वेळी, तू स्वतंत्र आहेस ना, ऋणमुक्त आहेस ना, असं विचारलं जातं. जन्माची उतरंड नाकारणाऱ्या संघानेही धन्याच्या मालकीला हात लावला नाही. बुद्धाविषयी मला आदर आहे, म्हणूनच हे टाळून पुढे जाणं मला जमत नाही.

मुक्त करायचं म्हणजे नेमकं काय करायचं? नारदस्मृतीत हा विधी दिला आहे. धन्याने दासाच्या खांद्यावरची घागर उतरवायची आणि फोडायची. अक्षता आणि फुलं घातलेलं पाणी त्याच्या मस्तकावर शिंपडायचं. तीनदा म्हणायचं, हा अदास आहे. मग पूर्वेकडे तोंड करून त्याला जाऊ द्यायचं. त्या क्षणापासून त्याच्या हातचं अन्न चालतं.

या विधीत घागरच का? हातात झाडू देता आला असता. नारदाच्या यादीत दासाच्या वाट्याला दार, शौचकूप, रस्ता, उकिरडा झाडण्याचं काम आहेच. पण दास म्हणून दुरून ओळखू यायचा तो खांद्यावरच्या घागरीने. हॅमुराबीच्या बाबिलोनमध्ये दासाची खूण त्याच्या अंगावर असे, आणि धन्याला न विचारता ती पुसणाऱ्या न्हाव्याचे हात तोडावेत असा कायदा होता. आपल्याकडे ती खूण कामातच होती. म्हणून ती फोडता आली. फोडणारा हात मात्र धन्याचाच.

आणखी एक घागर मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात आहे. पतित झालेल्या माणसाला जिवंतपणी मेलेला ठरवायचं असेल तर नातलग जमतात आणि एक दासी पाण्याने भरलेली घागर पायाने लवंडते. याच विधीला पुढे घटस्फोट म्हणू लागले. आज तो शब्द आपण कौटुंबिक न्यायालयात नेला आहे. कुटुंबातून माणूस तोडायचा, आणि लाथ मारायला दासी. आप्तांचे पाय त्या पापाने विटाळू नयेत म्हणून तिचा पाय. आयुष्यभर डोक्यावर वाहिलेली घागर तिला एकदाच पायाने उडवता येते, तीही हुकमाने.

शूद्रकाचं मृच्छकटिक देवलांच्या संगीत नाटकामुळे मराठी प्रेक्षकांच्या घरचं झालं. वसंतसेनेची दासी मदनिका सगळ्यांना आठवते. जुगारात हरलेला संवाहक रस्त्यात उभा राहून, दहा सुवर्णमुद्रांना मला विकत घ्या, म्हणून ओरडतो आणि कोणी वळूनही बघत नाही, हे मूळ संस्कृतात वाचताना अंगावर येतं. पण माझा माणूस स्थावरक, राजाचा मेहुणा शकार याचा गाडीवान. वसंतसेनेला मार, असं शकार म्हणतो, सोन्याचं आमिष दाखवतो. स्थावरक म्हणतो, माझ्या शरीरावर तुमची सत्ता आहे, चारित्र्यावर नाही. पुढे तिच्या खुनाचा आळ आलेल्या निरपराध चारुदत्ताला वधाला नेत असताना हाच स्थावरक कोंडलेल्या जागेतून उडी मारून खरं सांगायला धावतो. त्याच्यावर कोणी विश्वास ठेवत नाही, कारण तो दास. शकार एवढंच म्हणतो, की चोरी केली म्हणून मी याला मारलं, त्याचा हा सूड. साक्ष निकालात निघाली. अखेरीस त्याला अदास केलं जातं. नारदाच्या विधीतला तोच शब्द. शूद्रकाने हे पात्र कल्पनेतून रंगवलं असेल, पण दासाची साक्ष कशी मोडतात हे त्याला कुठेतरी पाहूनच कळलं असणार.

आपण नाशिकमध्ये जमलो आहोत, म्हणून शेवटी इथलंच. पांडवलेण्यांतल्या दहाव्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. तीन लाख गाई दिल्या, सोळा गावं दिली, नद्यांवर फुकट नावा ठेवल्या आणि प्रभासतीर्थी ब्राह्मणांना आठ भार्या दिल्या. मी विद्यार्थिदशेत हा लेख पहिल्यांदा वाचला तेव्हा गाईंच्या आकड्याने थक्क झाले आणि या आठजणींवरून डोळे तसेच पुढे गेले. त्या कायद्याने दासी नव्हत्या, भार्या म्हटलं आहे. खर्च उषवदाताने केला असेल, थाटानेही केला असेल. पण गाव, गाय, नाव आणि बाई एका दमात सांगता येतात, तेव्हा त्या एका दमाचाही इतिहास लिहायला हवा. त्याच काळात भडोचच्या बंदरात राजासाठी गाणारी मुलं आणि देखण्या मुली जहाजातून उतरत होत्या, असं पेरिप्लस हे सागरी व्यापाराचं टिपण लिहिणाऱ्या ग्रीक व्यापाऱ्याने चांदीची भांडी आणि उंची मद्य यांच्या जोडीला नोंदवलं आहे. त्यानेही एका दमातच.

तरुण संशोधकांकडे माझं मागणं एवढंच आहे, की दास हा शब्द शब्दसूचीत शोधून थांबू नका. पाणी कोणी आणलं ते विचारा. पश्चिम घाटातल्या लेण्यांच्या लेखांत पोढी हा शब्द पुन्हा पुन्हा येतो. पोढी म्हणजे खडकात खोदलेलं पाण्याचं टाकं. दात्याचं नाव असतं, कधी त्याच्या गावाचं आणि धंद्याचंही असतं. टाक्यातून पाणी काढून वर विहारात नेणाऱ्याचं नसतं. मी हे चाळीस वर्षं सांगते आहे, आणि माझ्या आजोळच्या त्या बाईचं नाव विचारायला अजून गेलेली नाही. आता विचारायला तिथे कोणी उरलेलं नाही. वाडा पाडला, आड बुजवला.

उद्या सकाळी साडेसहाला पांडवलेण्यांसाठी बस सुटेल. पायऱ्या पुष्कळ आहेत आणि ऊन लवकर चढतं. दहाव्या लेण्यातला लेख वाचून झाला की शेजारची टाकी बघायला मी तुम्हाला नेणार आहे. आपापली पाण्याची बाटली मात्र ज्याने-त्याने उचलून आणायची आहे.