कुलाब्याचे अफगाण चर्च आणि परांड्याची कमान

मंडळी, चैत्रात भैरवनाथाच्या यात्रेला तुमच्यापैकी पुष्कळजण सोनारीला गेले असतील. सोनारी परांडा तालुक्यातलीच. तेव्हा परांड्याचा किल्लाही तुम्ही पाहिला असेल. आत शिरताना कधी मान वर करून पाहिलेत काय? तिथल्या कमानी निव्वळ अर्धगोल नाहीत. नमस्काराला हात जोडावेत, तसे त्यांचे दोन बाहू वर टोकाला मिळतात. आज मी मुंबईतल्या एका चर्चची हकीकत सांगणार आहे. पण तिची सुरुवात या कमानीपासूनच करायला हवी. कारण ज्या युक्तीवर ते चर्च उभे आहे, ती तुमच्या रोजच्या पाहण्यातली आहे.

दगडाचा एक स्वभाव असतो. तो दाब सोसतो, वाक सोसत नाही. डोक्यावर ओझे द्या, तो मुकाट्याने पेलील; पण दोन खांबांवर आडवा टाकून मध्ये भार दिला, की तडकेल. म्हणून तर आपल्या हेमाडपंती देवळांत खांब असे जवळजवळ असतात. कमानीने ही अडचण दूर केली. पाचरीसारखे घडलेले दगड एकमेकांना रेटून धरतात आणि प्रत्येकावर येतो तो फक्त दाब. मात्र कमानीला एक खोड आहे. भार खाली नेताना ती आपले पाय बाहेर फेकते.

शिक्षक बंधुभगिनींनी हे वर्गातच करून दाखवावे. दोन मुलांना समोरासमोर उभे करून तळहात एकमेकांना टेकवायला सांगा. मग दोघांनी थोडे थोडे मागे सरकावे. झाली कमान! पण आणखी सरकले, की पाय निसटू लागतात. आता आणखी दोन मुलांना पाठीमागे बसवून त्यांच्या टाचांना आपले पाऊल लावायला सांगा. कमान पुन्हा स्थिर होते. हे मागे बसलेले दोघे म्हणजे भिंतीचे धिरे.

आता टोकाची गंमत. अर्धगोल कमानीची उंची तिच्या रुंदीच्या निम्मीच असायची. तिथे गवंड्याचा इलाज नाही. टोकदार कमान मात्र रुंदी तीच ठेवून हवी तितकी उंच नेता येते. शिवाय ती जितकी उभट, तितके पाय बाहेर फेकणे कमी. इस्लामी देशांत ही कमान आधीपासून होती, आणि आपल्या दख्खनेत ती सुलतानांच्या काळात आली. युरोपात बाराव्या शतकात फ्रेंच कारागिरांनी तिला दगडी फासळ्यांच्या छताची आणि बाहेरच्या धिऱ्यांची जोड दिली. पॅरिसजवळच्या सँ-दनी येथील मठाच्या चर्चचा नवा भाग ११४४ साली पुरा झाला, आणि ११६३ च्या सुमारास पॅरिसच्या नोत्र-दामचे काम सुरू झाले. भार फासळ्यांतून खांबांवर आणि धिऱ्यांवर उतरू लागला, तशी भिंत मोकळी झाली. तिथे रंगीत काचांच्या मोठाल्या खिडक्या बसल्या. या धाटणीला ‘गॉथिक’ हे नाव पुढे इटलीतल्या विद्वानांनी दिले, तेही हिणवण्यासाठी. गॉथ म्हणजे त्यांच्या लेखी रानटी लोक!

एकोणिसाव्या शतकात इंग्रजांना या जुन्या धाटणीची पुन्हा ओढ लागली आणि तिच्यासह ते मुंबईत बांधकामे करू लागले. मुंबईचे कॅथीड्रल, म्हणजे बिशपचे मुख्य चर्च, तोवर होतेच. सेंट थॉमसचे हे चर्च १७१८ साली उघडले आणि १८३७ साली त्याला कॅथीड्रलचा मान मिळाला. चर्चगेट हे नाव त्याच्यावरूनच पडले. पण गॉथिक धाटणी नीट पाहायची, तर कुलाब्याला जावे. तिथे सेंट जॉनचे चर्च आहे. लोक त्याला अफगाण चर्च म्हणतात.

१८४७ च्या डिसेंबरात त्याची पायाभरणी झाली आणि १८५८ साली ते उपासनेसाठी खुले झाले. आराखडा हेन्री कॉनीबेअर या इंजिनिअराचा. दगड इथलाच; जमिनीच्या नक्षीदार फरशा मात्र विलायतेहून आल्या. आत रुंद टोकदार कमानी आहेत, रंगीत काचा आहेत. निमुळता मनोरा १८६५ साली पुरा झाला. त्याची उंची १९८ फूट; बंदरात येणाऱ्या जहाजांना तो लांबूनच दिसे.

हे चर्च बांधले कशासाठी? पहिल्या अफगाण युद्धात आणि सिंधच्या मोहिमेत जे मेले, त्यांच्या आठवणीसाठी. १८४२ च्या जानेवारीत काबूलहून माघारी निघालेले सैन्य आणि त्याच्यासोबतचे नोकरचाकर, मिळून सोळा हजारांच्या आसपास माणसे, बर्फात आणि हल्ल्यांत जवळजवळ नाहीशी झाली. ती तुकडी बंगालच्या सैन्यातली. पण या लढायांत मुंबईच्या फौजेचेही शिपाई होते, आणि त्या फौजेत कोकणातली व देशावरची आपली माणसे भरती होत.

चर्चमध्ये अधिकाऱ्यांची नावे कोरलेली आहेत. साध्या शिपायांबद्दल तिथल्या लेखात इतकेच सांगितले आहे की, ते इतके होते की सर्वांची नावे लिहिता येत नाहीत. जागेची अडचण खरीच असेल. पण ज्या घरात वाट पाहिली गेली, तिथे हा हिशेब कसा पटावा? आणि ज्या पाथरवटांनी तो दगड घडवला, ज्या मजुरांनी तो परांचीवर चढवला, त्यांचे तरी नाव कोण घेतो?

यात इंग्रजांना नावे ठेवण्याआधी आपल्या गावाकडे पाहावे. गावोगावी देवळापाशी वीरगळ असतात. खाली लढाई, मध्ये वीराला नेणाऱ्या अप्सरा, वर शिवाची पूजा, असे ते दगड. त्यांवरही बहुधा नाव नसते. तरी आपल्याच गावचा, गुरांसाठी वा वेशीसाठी लढलेला माणूस त्यात उभा आहे. आपण त्याला शेंदूर फासतो, नाही तर पायरीला लावतो, आणि तो कोण हे विसरतो.

तेव्हा गुरुजी, एका शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर मुलांना घेऊन निघा. कमान जिथे असेल तिथे न्या, तिचे पाय कोण धरून आहे ते शोधायला सांगा. गावातले वीरगळ मोजायला लावा. गावच्या म्हाताऱ्यांना कुणाची कहाणी ठाऊक असेल, तर वहीत उतरवून घ्या. दगड अजून पुष्कळ टिकतील. सांगणारी माणसे तितकी टिकणार नाहीत.