ऊन पाण्याची सहल

(स्नेहमेळाव्याच्या दुपारच्या सत्रातील भाषणाचे शब्दांकन)



संयोजकांनी मला 'कुटुंबासह सहल' हा विषय दिला. बहुतेक त्यांना वाटलं असेल, दौंडला पस्तीस वर्षं भूगोल शिकवलाय, ही बाई नकाशा घेऊनच येईल. नकाशा आणलेला नाही. वेळ पंधरा मिनिटांची आहे. मास्तरणीला पंधरा मिनिटं म्हणजे हजेरीलाच जातात, तेव्हा लांबलं तर कुणीतरी घंटा वाजवा.

सुरुवात आपल्या शनिवारच्या सकाळच्या शाळेपासून करते. घोड नदीच्या काठच्या मळ्यांतून येणाऱ्यांना आठवत असेल. मार्गशीर्ष-पौषाची थंडी, अंगणात उभं राहवत नाही, आणि चूल पेटायच्या आत आंघोळ उरकायची. मग आम्ही भावंडं विहिरीवर पळायचो. मोटर सुरू केली, की थारोळ्यात पडणाऱ्या पाण्यातून वाफा निघायच्या. त्या पाण्यात बसलं की उठावंसं वाटायचं नाही. आजी म्हणायची, "देवानं तुमच्यासाठी पाणी ऊन करून ठेवलंय."

आता मास्तरणीची सवय म्हणून सांगते, ते पाणी ऊन नव्हतंच. जमिनीखाली काही मीटरवर तापमान वर्षभर जवळपास सारखं राहतं. बाहेर हवा दहा अंशांवर आली, की विहिरीतलं पंचवीस अंशांचं पाणी आपल्याला कढत वाटतं आणि वैशाखात तेच पाणी गार लागतं. पाणी तेच असतं, बदलतं ते आपलं अंग. एवढं एक वाक्य लक्षात ठेवा, मला पुढे त्याची गरज लागणार आहे.

खरं ऊन पाणी आपल्या शिरूर-दौंडच्या पट्ट्यात नाही. त्यासाठी घाट उतरून कोकणात जावं लागतं. आणि तिथे गेल्यावर गावांची नावंच पत्ता सांगतात. आपल्या आज्या गरम पाण्याला 'ऊन पाणी' म्हणायच्या ना? रायगड जिल्ह्यात पालीजवळ उन्हेरे, दापोली तालुक्यात उन्हवरे, राजापूरजवळ उन्हाळे. तिकडे खानदेशात सातपुड्याच्या पायथ्याशी चोपडा तालुक्यात उनपदेव. ज्यांनी ही नावं ठेवली त्यांच्याकडे थर्मामीटर नव्हता, पण त्यांनी पाण्यात हात घालून पाहिला होता.

वर्गात मी विचारायचे, "हे पाणी कशानं तापतं?" निम्मा वर्ग ओरडायचा, "ज्वालामुखीनं!" तसं नाही. आपला काळा कातळ ज्वालामुखीचाच, पण त्याला साडेसहा कोटी वर्षं झाली. तो केव्हाच निवला. होतं असं, की पावसाचं पाणी कातळातल्या खोल भेगांमधून खाली उतरतं. दर किलोमीटरला जमिनीचं तापमान साधारण पंचवीस-तीस अंशांनी वाढतं. दोन किलोमीटर खाली गेलेलं पाणी तिथे तापतं आणि जिथे वर यायला वाट मिळते तिथे बाहेर पडतं. सह्याद्रीच्या पश्चिमेला, किनाऱ्याला समांतर अशा भेगांची एक लांब रांग आहे. म्हणून पालघर-ठाण्यापासून राजापूरपर्यंत, तीनशेहून जास्त किलोमीटरच्या पट्ट्यात, अठराएक ठिकाणी हे झरे माळेसारखे ओवलेले दिसतात.

आता जायचं कुठे? मी पाहिलेल्या ठिकाणांपैकी चार सांगते.

पहिलं वज्रेश्वरी, भिवंडी तालुक्यात. शिरूरकरांना आळेफाटा, माळशेज, कल्याण असा रस्ता आहे. दौंडकरांनी रेल्वेने कल्याण गाठावं आणि पुढे गाडी करावी. १७३९ च्या वसईच्या मोहिमेत चिमाजी आप्पांनी देवीला नवस केला आणि विजयानंतर हे देऊळ बांधलं. किल्ल्यासारखी तटबंदी आणि उंच दगडी पायऱ्या, मुलं एका दमात वर पळतात. जवळच तानसा नदीच्या काठी अकलोलीची कुंडं आहेत. देवीनं मारलेल्या दैत्यांचं रक्त म्हणून हे पाणी गरम, असं तिथले लोक सांगतात. नातवंडांना ही गोष्ट माझ्या भेगांपेक्षा जास्त आवडते. थोडं पुढे गणेशपुरी, नित्यानंद स्वामींचं समाधिस्थान, तिथेही कुंडं आहेत. पावसाळ्यात मात्र जाऊ नका. नदीला पाणी आलं की पात्रातली कुंडं त्यात बुडतात.

दुसरं उन्हवरे. पाणी जमिनीतून सत्तर अंशांच्या आसपास बाहेर पडतं. झऱ्याच्या तोंडाशी कुणी जायचं नाही, पुढे टाक्यांमध्ये निवलेल्या पाण्यात उतरायचं. स्त्री-पुरुषांची सोय वेगळी आहे. जोडीला पन्हाळेकाजीची लेणी बघून होतात.

तिसरं संगमेश्वर तालुक्यातलं आरवली, तुरळ आणि राजवाडी. गणपतीपुळ्याला किंवा गोव्याला मुंबई-गोवा महामार्गाने जाणाऱ्यांच्या हे वाटेवरच आहे. एकाच तालुक्यात गंमत बघा, आरवलीचं पाणी अंगाला सोसतं आणि तुरळचं पाणी साठीच्या घरात. म्हणजे एका ठिकाणचा अनुभव दुसऱ्या ठिकाणी चालत नाही.

चौथं उन्हेरे, आणि हे खास आपलं. आपण अष्टविनायकांच्या मुलखातली माणसं. रांजणगाव शिरूर तालुक्यात, आणि दौंडकर सिद्धटेकला भीमा ओलांडून जातात. दर दोन-तीन वर्षांनी आपल्यापैकी कुणी ना कुणी आठही गणपती करतं. पालीला बल्लाळेश्वराचं दर्शन घेतलं, प्रसादाचं जेवण झालं, की गाडी लगेच महडच्या रस्त्याला लागते. आणि तिथून तीन-चार किलोमीटरवर उन्हेऱ्याची कुंडं आहेत, हे गाडीत कुणाला माहीत नसतं. पाणी चाळीस अंशांच्या आसपास, म्हणजे अंगाला सोसेल असं. मी स्वतः चौथ्या यात्रेत तिथे पहिल्यांदा गेले. त्याआधी तीनदा अर्ध्या तासाच्या अंतरावरून परत आले होते.

इथवर सगळं सहलीचं झालं. आता एक घरची गोष्ट सांगते. ती सांगायची की नाही, याचा मी आठवडाभर विचार करत होते.

२००४ सालच्या डिसेंबरात आम्ही सगळे कोकणात गेलो होतो. माझे अण्णा तेव्हा अडुसष्ट वर्षांचे. मधुमेह जुना, गुडघे दुखायचे. गरम पाण्यात पाय सोडले तर बरं वाटेल, म्हणून मीच त्यांना आग्रहाने नेलं. कोणतं कुंड ते सांगत नाही, कारण चूक त्या जागेची नव्हती, आमची होती. बायकांचं कुंड वेगळं, त्यामुळे आई आणि मी एकीकडे, अण्णा आणि माझा सहावीतला मुलगा दुसरीकडे. यजमान गाडीपाशी थांबले होते. गाडीत मी सगळ्यांना दर किलोमीटरला किती अंश वाढतात ते समजावून सांगितलं होतं. पण त्या पाण्यात हात घालून पाहिला नाही.

परत आल्यावर मुलगा मोठ्या कौतुकाने सांगू लागला, "आई, पाणी इतकं गरम होतं, मी पाय घातला आणि लगेच काढला. पण आजोबा बसूनच राहिले. म्हणाले, मला तर काहीच वाटत नाही. आजोबा सगळ्यात ताकदवान!" आम्ही सगळे हसलो. अण्णाही हसले.

रात्री मुक्कामी अण्णांनी पायमोजे काढले. मोज्याबरोबर कातडी आली. दोन्ही तळव्यांना फोड होते, आणि त्यांना दुखत नव्हतं.

दौंडला परतल्यावर डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "चालताना पायातली चप्पल निसटली तर यांना कळतं का?" आई म्हणाली, "नाही हो, वर्षभर असंच चाललंय. मी मागून चप्पल उचलून आणते." घरात आम्ही त्यावर थट्टा करायचो. मधुमेहात पायांच्या नसा मंदावतात, तळव्यांना ना काटा कळतो ना चटका, हे मला तेव्हा समजलं. जखम भरायला तीन महिने लागले. डाव्या पायाची करंगळी काढावी लागली. अण्णा पुढे नऊ वर्षं जगले, आम्हाला एका शब्दाने बोलले नाहीत. पण घराबाहेर पडताना चपलेचा पट्टा दोनदा ओढून बघायचे.

मघाशी म्हटलं होतं, पाणी तेच असतं, बदलतं ते आपलं अंग. ते यासाठी. कुंडावर "आई गं, किती गरम!" म्हणून ओरडणाऱ्याची काळजी करू नका, तो आपोआप बाहेर येतो. "मला काही वाटत नाही" म्हणणाऱ्याकडे धावत जा.

तेव्हापासून मी काही नियम पाळते. पाणी आधी तरुण, धडधाकट माणसाने कोपराने पाहायचं. पिशवीत पाण्याचा थर्मामीटर ठेवायचा. चाळीसच्या आसपास असेल तर मोठ्यांनी दहा-पंधरा मिनिटं बसावं, लहानग्यांनी चार-पाच मिनिटं, आणि तान्ह्या मुलांना उतरवूच नये. पन्नास अंशांचं पाणी काही मिनिटांत भाजतं आणि साठ अंशांचं पाच-सहा सेकंदांत. मुलांची कातडी पातळ, त्यांना त्याहून कमी वेळ पुरतो. मधुमेहाच्या माणसाने पाय सोडायचे असतील तर डॉक्टरांना विचारून, आणि बाहेर आल्यावर दुसऱ्या कुणीतरी तळवे बघायचे. रक्तदाब किंवा हृदयविकार असलेल्यांनी आणि गरोदर सुनांनी-लेकींनीही आधी डॉक्टरांना विचारावं. उठताना सावकाश उठा, घेरी येते. उघडी जखम असेल तर उतरू नका. पाण्यात गंधकाचा वास असला तर चांदीची पैंजणं काढून ठेवा, काळी पडतात.

आणि डुबकी मारायची नाही. गरम गोड्या पाण्यात क्वचित एक अमिबा असतो. तो पोटात गेला तर काही करत नाही, पण नाकातून शिरला तर मेंदूपर्यंत पोचतो. असे रुग्ण अगदी थोडे, पण आजार जीवघेणा. नाक पाण्याच्या वर ठेवलं की झालं. जपानमध्ये अशा झऱ्यांवर घरची सगळी माणसं जातात. तिथे आधी बाहेर स्वच्छ आंघोळ करूनच कुंडात उतरायची रीत आहे, आणि साबण पाण्यात नेत नाहीत. आपणही तेवढं पाळू या. साबणाच्या वड्यांचे कागद मी कुंडांवर पुष्कळ पाहिलेत.

बायकांसाठी एक वेगळी सूचना. सहलीत आपण काठावर बसून सगळ्यांचे कपडे आणि मोबाइल सांभाळतो, आणि "तुम्ही करा, मी नंतर बघते" म्हणतो. ते नंतर येत नाही. माझ्या आईने तीन कुंडं पाहिली आणि एकातही ती उतरली नाही. यावेळी पिशव्या पुरुष सांभाळतील.

यावेळी म्हणजे येत्या जानेवारीच्या दुसऱ्या शनिवारी. माझा प्रस्ताव असा, की सकाळी सहाला रांजणगावच्या देवळासमोर जमायचं, पुण्यावरून खोपोली आणि तिथून पाली. दौंडची मंडळी पुण्यात भेटतील. दर्शन, जेवण, आणि दुपारी उन्हेरे. मुलं, सुना, जावई, नातवंडं सगळ्यांना घेऊन या. माझा तो सहावीतला मुलगा आता सहा वर्षांच्या मुलीचा बाप आहे, तोही येणार आहे. सगळ्यांच्या आधी पाण्याला कोपर तोच लावतो. मी सांगावं लागत नाही.

शेवटचं. मघाशी चहाच्या वेळी मी दोन रांगा पाहिल्या. बिनसाखरेच्या चहाची रांग साखरेच्या रांगेपेक्षा मोठी होती. त्या रांगेतल्या प्रत्येकाला माझी विनंती आहे. सहलीला या किंवा येऊ नका, पण आज रात्री झोपण्यापूर्वी घरच्या कुणाला तरी आपले तळवे दाखवा. लाजू नका. आणि चप्पल पायातून निसटत असेल तर हसण्यावारी नेऊ नका.

सहलीची नावं लिहायची वही दाराशी, शाळेच्या जुन्या फोटोंच्या टेबलावर ठेवली आहे. नावापुढे बसमध्ये किती जागा हव्यात ते लिहा. घंटा वाजायच्या आत थांबते.