हळदीच्या औषधातील लोह



दसरा-दिवाळीनंतर नंदुरबारच्या पथाऱ्यांवर लाल मिरची वाळू लागते. वाऱ्याबरोबर तिचा खकाणा उडतो आणि माणसे शिंका-खोकल्याने बेजार होतात. हा मुख्यतः तिखटाने होणारा दाह, ॲलर्जी निराळी. तिच्यात एरवी निरुपद्रवी असणाऱ्या पदार्थालाच शरीर शत्रू मानते. कुणाच्या अंगावर गांधी उठतात, खाज सुटते. अशा गांधींना आयुर्वेदाने शीतपित्त म्हटले आहे.

शीतपित्तावरील प्रसिद्ध औषध म्हणजे हरिद्राखंड. नाव हळदीचे, म्हणून ते निव्वळ वनस्पतींचे असा समज होतो. परंतु ‘भैषज्यरत्नावली’तील पाठात हळद, निशोत्तर, त्रिकटू, त्रिफळा यांच्या जोडीला लोहही आहे. कामदुधेत गुळवेलीच्या सत्त्वाबरोबर सोनगेरू, म्हणजे लोहयुक्त माती असते. आरोग्यवर्धिनीत तर कुटकीबरोबर पारद आणि गंधकही आहेत.

पूर्वसूरींनी ही खनिजे लपविली नाहीत. गेरूला गाईच्या दुधाची भावना, लोहाला शोधन आणि वारंवार पुटे, असे संस्कार त्यांनी सांगितले. मात्रा आणि अनुपान ठरविले. ‘झाडपाल्याचे आहे, अपाय होणार नाही’ हे वाक्य परंपरेचे नव्हे, अज्ञानाचे आहे.

आज शोधनाच्या ग्वाहीबरोबर प्रयोगशाळेची तपासणीही हवी. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील पाहणीत, बोस्टन परिसरात विकल्या जाणाऱ्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसे, पारा किंवा आर्सेनिक आढळले. त्यानंतर केंद्र शासनाने निर्यातीच्या वनस्पतिज औषधांना १ जानेवारी २००६ पासून जड धातूंची तपासणी सक्तीची केली. परदेशी ग्राहकासाठी जी दक्षता, ती आपल्या घरच्या बालकासाठी नको काय?

नंदुरबारला हा प्रश्न अधिकच जवळचा आहे. सातपुड्याच्या या जिल्ह्यात सिकलसेलचे रुग्ण अनेक आहेत. वारंवार रक्त चढवावे लागलेल्या रुग्णाच्या शरीरात लोह आधीच साठलेले असू शकते. त्याची खाज शमविण्यासाठी बाजारातील बिनलेबलाची पुडी कुणी ‘हळदीचे औषध’ म्हणून दिली, तर देणाऱ्याची माया खरी असूनही अपाय टळत नाही.

म्हणून औषध नोंदणीकृत वैद्याकडूनच घ्यावे, वेष्टनावरील घटक वाचावेत आणि दुसरे उपचार चालू असल्यास त्या डॉक्टरांनाही ते दाखवावे. ओठ वा घसा सुजून श्वास अडू लागला, तर चूर्ण उगाळीत न बसता तत्काळ रुग्णालय गाठावे. अयुक्तीने दिलेले औषधही विष ठरते, हा इशारा चरकाचार्यांचाच आहे. परंपरेचा अभिमान बाळगणाऱ्याने तो सर्वांआधी पाळावा.