घरच्या अवजाराची धार



कामगार चळवळीतला माणूस बर्फावरच्या खेळाविषयी बोलणार, हे पत्रिकेत वाचून आपल्यापैकी कित्येकांना हसू आले असेल. आम्ही उभ्या आयुष्यात स्कीवर पाय ठेवलेला नाही. परंतु कानस आमच्या ओळखीची आहे. वयाच्या १६ व्या वर्षी शाळा सुटली आणि कानस हाती आली. पुढे जे काही शिकलो त्याचा श्रीगणेशा तिच्यापाशीच झाला.

स्की म्हणजे पायाला बांधावयाची लांब पट्टी. भुसभुशीत बर्फावर ती नुसती घसरली तरी भागते. पण काचेसारख्या कडक बर्फावर वळावयाचे किंवा थांबावयाचे, तर तिची कड बर्फात रुतली पाहिजे. पूर्वी ही कड लाकडाचीच असे आणि लवकर झिजून गोल होई. ऑस्ट्रियातील रुडोल्फ लेटनर यांनी १९२६ साली तिला पोलादी पट्टीचे तुकडे स्क्रूंनी बसविण्याचे पेटंट घेतले. स्कीला पोलादाची धार आली, आणि धार आली म्हणजे धार लावणाराही आला.

असा एक कारागीर आम्हाला काही वर्षांपूर्वी गुलमर्गला भेटला. भाड्याने स्की देणाऱ्या दुकानामागे, ओट्यावर बसून तो कानस चालवीत होता. तळाच्या बाजूने ही कड अर्धा ते एक अंश उतरती लागते. अगदी सपाट राहिली तर नको तेथे अडकते आणि माणूस तोंडघशी पडतो. हा अंश मोजावयास त्याच्याजवळ कसलेही यंत्र नव्हते. विजेच्या तारांना लावतात ती चिकटपट्टी त्याने कानशीच्या एका टोकाला गुंडाळली होती, एवढेच. कडेपासून ५७ मिलिमीटरवर १ मिलिमीटर उंची दिली, की उतार एक अंशाचा होतो. हा हिशेब आम्ही मागाहून कागदावर मांडला; त्याच्या हाताला तो आधीच ठाऊक होता.

कोन जमला की नाही हे पाहावयास तो कडेला काळी शाई लावी. कानस एकदा फिरल्यावर शाई सारखी पुसली गेली, तर काम बरोबर. कानस एकाच दिशेने चालवावयाची, दाबून मागे ओढावयाची नाही. दगडावर आपटलेली जागा टणक होते, तेथे कानस घसरते व तिचेच दात जातात. म्हणून तेथे आधी धारेचा दगड, मग कानस.

त्याच्या दोन बोटांना चिंध्या बांधलेल्या होत्या. हातमोजे का नाहीत, असे आम्ही विचारले. "कधी मागितले नाहीत," तो म्हणाला.

आम्हाला आमचेच दिवस आठवले. तरुणपणी एका कारखान्यात पत्रा धरण्यासाठी आम्ही भंगारातून एक पकड बनविली. साहेबांनी चार लोकांत पाठ थोपटली, आणि नव्या व्हाइसची आमची मागणी त्याच दिवशी बाजूला ठेवली. हुन्नर असताना खर्च कशाला, असे त्यांचे म्हणणे. आम्ही फुललो आणि गप्प बसलो. पुढच्याच महिन्यात ती पकड निसटली आणि शेजारच्या सोबत्याच्या तळहातात पत्रा शिरला. त्याची मूठ पुन्हा पुरती मिटली नाही. युनियनची पहिली वर्गणी आम्ही त्यानंतर भरली.

म्हणून आमचे सांगणे एवढेच. घरचे अवजार ही कामगाराची बुद्धी आहे. तिचा मान ठेवावा, ती पुढच्या पिढीला शिकवावी. परंतु त्या बुद्धीकडे बोट दाखवून कोणी त्याच्या हक्काची वस्तू नाकारू लागला, तर पाठीवरची थाप नम्रपणे परत करावी. चिकटपट्टीचा अंश कारागिराचा. हातमोजे मालकाने द्यावयाचे.

आपली मुले उद्या गुलमर्गला जातील, भाड्याची स्की पायाला बांधतील. त्यांना सांगा, की धार तपासून घ्या. आणि ती लावणाऱ्याची बोटे कशी आहेत, हेही एकदा दुकानामागे जाऊन पाहून या.