बालगुन्हेगारी : घर आणि शाळा
(वर्धापन दिनी दिलेल्या भाषणाचा सारांश)



पोरगं वाया गेलं असे आपण सहज बोलून जातो. पण ते एका दिवसात जात नाही. आधी शाळा बुडते. घरी वाटते तो शाळेत आहे, शाळेत वाटते घरी असेल, आणि तो असतो नाक्यावर. मग शाळेची चिठ्ठी येते. बाप पट्टा काढतो, आई शेजारणीपासून लपवते, गुरुजी साऱ्या वर्गासमोर त्याची लायकी काढतात. दोन्हीकडून हाकललेल्या पोराला जो जवळ बोलावील त्याच्याकडे ते जाणार. गुत्तेवाल्याला असेच पोर हवे असते!

अंगुलिमालाची कथा आपण बहुधा तो भगवंतांना शरण येतो तिथपासूनची सांगतो. अट्ठकथेत त्याआधीचे आहे. तो मूळचा अहिंसक, तक्षशिलेचा हुशार विद्यार्थी. सोबत्यांनी मत्सराने गुरूचे कान भरले आणि गुरूने गुरुदक्षिणा म्हणून हजार हत्या मागितल्या. पुढे राजाचे सैन्य निघणार असे कळले तेव्हा बापाने असला मुलगा नको म्हणून हात झटकले. आई एकटी त्याला शोधायला निघाली. शाळेने बिघडवला, बापाने सोडला. आपल्या चाळीतली गोष्ट काही वेगळी आहे का?

आज कायदा आपल्या बाजूने आहे, पण आपल्याला तो ठाऊक नसतो. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेत मारायला बंदी आहे, आणि आठवी पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही. तेव्हा 'दाखला घेऊन जा' म्हटले की मुकाट्याने सही करू नये. २०१५ च्या बाल न्याय कायद्याप्रमाणे १८ वर्षांखालील मुलाला पोलीस कोठडीत ठेवता येत नाही. २४ तासांत बाल न्याय मंडळापुढे न्यावे लागते. तिथे एक दंडाधिकारी आणि दोन समाजसेवक असतात, त्यांत निदान एक महिला.

मंडळासाठी परिवीक्षा अधिकारी घरची आणि शाळेची चौकशी करतो. त्या अहवालाला फार वजन असते. अशा वेळी रागाच्या भरात बाप म्हणतो, "आमचं ऐकत नाही, ठेवा तिकडंच." असे म्हणू नका. एक रोजी बुडाली तरी चालेल, आईबापांनी दोघांनी जावे. वाटल्यास आपल्या विहारातले कोणीतरी सोबत येईल.